उसाचा शेंडा पिवळा पडला की फवारू नका, आधी पान उलटं करून बघा

प्रश्न: नमस्कार सर, माझा दोन एकर ८६०३२ जातीच्या उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेलं दुसरं पीक) आहे. लागणीला ऊस चांगला होता, पण खोडव्याला सात महिने झाले तसा पाला पिवळा पडत चाललाय, कांड्या आखूड, शेंडा झाडूसारखा गोळा झालाय. दुकानदाराने आधी फेरस (लोहाचं खत) दिलं, मग मायक्रोन्यूट्रियंट, मग व्हायरसचं औषध म्हणून एक बाटली, तीन फवारण्या झाल्या फरक काहीच नाही. फोटो पाठवलेत. पुढच्या आडसालीला (पावसाळ्यातल्या लागणीला) यातलंच बेणं धरायचं ठरलंय, धरू का?
— एक शेतकरी, ता. वाळवा

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो कारण आडसाली तोंडावर आलीय. यातली एक टिपरीसुद्धा (लागणीचा उसाचा तुकडा) बेण्याला घेऊ नका.

तुम्ही एका फोटोत पान उलटं धरलंय ते फार बरं केलंत. मधली शीर खालच्या अंगाने हळदीसारखी पिवळी आणि दोन्ही बाजूचं पान अजून हिरवं, वरून तिसऱ्या ते पाचव्या पानात जास्त, ही यलो लीफ म्हणजे पिवळ्या पानाच्या व्हायरसची खूण. केवडा (लोहाची कमतरता) असता तर बरोबर उलटं दिसलं असतं, पान पिवळं आणि शिरा हिरव्या, आणि फेरसने आठ-दहा दिवसांत फरक कळला असता. मोझॅक अजून वेगळा, त्यात कोवळं पान उन्हासमोर धरलं की फिकट-गडद हिरवे चट्टे दिसतात. पाण्याचा ताण बसला तरी कधी शीर पिवळी होते, म्हणून पक्की खात्री हवी असेल तर पान लॅबमध्ये पीसीआरला (व्हायरस ओळखायच्या चाचणीला) द्यावं लागतं. पण तुमच्याकडे आखूड कांड्या, गोळा शेंडा आणि पिवळी शीर तिन्ही एकत्र आहेत.

त्या बाटलीचे पैसे गेले याचं मला खरंच वाईट वाटतं. उसाच्या व्हायरसवर फवारायचं औषध नाहीये, कोणी कितीही छातीठोक सांगू दे. हा व्हायरस पानातली साखर खाली नेणाऱ्या नळ्यांमध्येच बसतो, म्हणून पान पिवळं आणि ऊस बारीक. तिथून तो कांडीवरच्या प्रत्येक डोळ्यात (कोंब फुटतो तिथे) जातो, त्यामुळे टिपरी लावली की रोगही लावला. बाविस्टिनची बेणेप्रक्रिया (टिपऱ्या औषधात बुडवून लावणं) बुरशीसाठी असते, याला तिचा उपयोग नाही. भारतात हा रोग १९९९ च्या सुमारास नोंदला गेला आणि तेव्हापासून आपण तेच ते बेणं या बांधावरून त्या बांधावर फिरवतोय, ८६०३२ ची जात बिघडली असं लोक म्हणतात ना, त्यातलं बरंचसं हे आहे.

आता करायचं काय? या उसाला पाण्याचा ताण देऊ नका, खत वेळेवर द्या, वेळेत कारखान्याला घाला आणि निडवा (खोडव्यानंतरचं तिसरं पीक) अजिबात ठेवू नका, बुडखे काढून टाका. यंदा कारखान्याच्या बेणेमळ्यात नऊ ते अकरा महिन्यांचं निरोगी बेणं मिळालं तर आडसाली करा, नाहीतर सरळ पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण) धरा, दोन महिने थांबलेलं परवडतं. आणि दहा गुंठे बाजूला काढून टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावा, मांजरीला व्हीएसआयमध्ये (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) किंवा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात चौकशी करा. पाच बाय दोन फुटावर साधारण अकराशे रोपं लागतील, त्यातून पुढे दोन एकरांचं बेणं निघतं. शेंड्याच्या अगदी टोकाच्या कोंबापर्यंत व्हायरस सहसा पोचत नाही, त्याच कोंबापासून ही रोपं करतात, फक्त घेताना व्हायरसची टेस्ट झालीय का ते विचारा.

त्या दहा गुंठ्यात मात्र दर पंधरा दिवसांनी सरी-सरीने फिरा. पिवळ्या शिरेचं बेट दिसलं की मुळासकट उपटा, जीव तुटतो पण उपटाच. हा व्हायरस मावा पसरवतो, तो पानाच्या खालच्या अंगाला असतो, दिसला तर लगेच बंदोबस्त करा. तीन-चार वर्षांनी बेणं परत बदला.

प्रश्न: रोगट उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) म्हशीला घातलं तर चालतं का?
— एक वाचक, ता. कराड

ताई, उसाचा व्हायरस जनावराला लागत नाही, घाला. फक्त फवारणी कधी झाली ते घरात विचारा आणि बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय वाढं गोठ्यात आणू नका.