द्राक्षावरील भुरी आणि ‘पेप्टाइड’ची बाटली: दुप्पट मात्रा घेऊ नये

प्रश्न (निफाड व दिंडोरी तालुक्यांतील बागायतदार): पानांवर भुरी (पांढऱ्या पावडरीसारखा बुरशीजन्य रोग) दिसताच दुकानदाराने ‘पेप्टाइडयुक्त’ बॅसिलस सबटिलिस दुप्पट मात्रेत, ताम्रयुक्त बुरशीनाशकासह एकाच टाकीत मारायला सांगितले. भुरी हटली नाही. मात्रा आणखी वाढवावी का?

उत्तर: अजिबात वाढवू नये. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू इट्युरिन, फेंजायसिन आणि सरफॅक्टिन ही लिपोपेप्टाइडे (स्निग्धाम्ल जोडलेल्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, म्हणजेच बाटलीवरचे ‘पेप्टाइड’) तयार करतो. इट्युरिनमध्ये ७ अमिनो आम्लांचे कडे असून त्याला स्निग्धाम्लाची शेपटी असते. ही शेपटी बुरशीच्या पेशीपटलात रुतते, इट्युरिन तेथील स्टेरॉल या मेदद्रव्याशी जुळते आणि पटलाला छिद्रे पडून आतले पोटॅशियम बाहेर झिरपते. मात्र हे सारे प्रत्यक्ष स्पर्श झाला तरच घडते. भुरीचे तंतू पानाच्या पृष्ठभागावर असले, तरी तिची शोषकांगे (अन्न शोषणारे अवयव) पानाच्या वरच्या थरातील पेशींत शिरलेली असतात आणि तेथपर्यंत हे द्रव्य पोहोचत नाही. म्हणून फवारणी भुरी दिसण्यापूर्वी, सायंकाळी आणि पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी करावी. पांढरी पावडर पसरल्यावर केलेली फवारणी उशिराची असते.

‘जैविक आहे, जास्त झाले तरी चालते’ हे दुकानदाराचे वाक्य मी बागोबागी ऐकतो आणि ते चुकीचे आहे. सरफॅक्टिन साबणासारखे पृष्ठताण मोडते. मात्रा चढवली, की ते केवळ बुरशीचेच पटल निवडून फोडत नाही, आणि त्यात स्टिकर (औषध चिकटून राहावे म्हणून घालायचे द्रव्य) मिसळल्यास मण्यावरील मेणचट थरही बिघडू शकतो. लेबलवरील मात्रा ओलांडू नये, दुप्पट तर नाहीच. ताम्रयुक्त औषध किंवा प्रतिजैविक त्याच टाकीत घालणे म्हणजे विकत घेतलेला जिवाणू स्वतःच्या हाताने मारण्याचा धोका पत्करणे होय. केवडा या द्राक्षावरील दुसऱ्या रोगाचा रोगकारक स्वतः स्टेरॉल बनवत नाही, त्यामुळे भुरीवरचा अनुभव केवड्याला लावू नये.

खरे काम फेलफुटी (नको असलेल्या फुटी) वेळेवर काढणे आणि घडांभोवतीची दाटी विरळ करणे हेच आहे. दाट बागेत स्पर्शाने काम करणारे कोणतेही द्रव्य घडापर्यंत पोहोचत नाही. जैविक निविष्ठांच्या अनुदानाची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) करावी.

कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख नसलेली बाटली घेऊ नये. पक्के बिल घ्यावे. दुकानदार ते नाकारत असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.