चेहरा भाड्याने देताना

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. इतक्या ऑडिशननंतर पहिली जाहिरात मिळाली, हे वाचून मनापासून आनंद झाला. शूटच्या दिवशी काय करायचं, हे तू दोन पानं भरून विचारलंयस. कराराबद्दल मात्र एकच ओळ आहे: ‘पैसे ठीक वाटतात, सही करून टाकते.’ माझा जीव त्या ओळीत अडकलाय, म्हणून आधी तिच्याबद्दल.

जाहिरातीत आपण दोन गोष्टींचे पैसे घेतो. एक म्हणजे शूटच्या दिवशीचं काम, आणि दुसरं म्हणजे पुढे ती जाहिरात जिथे जिथे आणि जितके दिवस दिसेल, तो आपल्या चेहऱ्याचा वापर. बऱ्याचदा दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळून देतात, त्याला बायआउट म्हणतात. बायआउट घ्यायला हरकत नाही, पण मुदत किती, प्रदेश कोणता, माध्यमं कोणती हे कागदावर हवं. टीव्हीसाठी एक वर्ष म्हटलं असेल तर होर्डिंग, इंटरनेट, वेष्टनावरचा फोटो त्यात धरलाय का? वर्ष शूटच्या तारखेपासून मोजणार की जाहिरात पहिल्यांदा दिसेल तेव्हापासून? ‘सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ असं दिसलं तर पेन खाली ठेव आणि बोलायला बस.

मी हे शिकलो ते नुकसान सोसून. पंचविशीत एका शीतपेयाच्या करारावर न वाचता सही केली. तीन वर्षं दुसऱ्या कुठल्याही पेयाची जाहिरात करायची नाही, अशी अट त्यात होती. ती जाहिरात दोन महिने चालली आणि बंद झाली, अट मात्र चालूच राहिली. त्या काळात चहाचं, फळांच्या रसाचं, दुधाचं अशी तीन कामं दारात येऊन परत गेली. कोणी फसवलं नव्हतं, सगळं लिहिलेलं होतं. म्हणून ‘कुठलंही पेय’ असं मोघम कधी मान्य करू नकोस. कोणत्या प्रकारची उत्पादनं, ती नावानिशी लिहून घे, आणि जितका काळ अडकून राहायचं त्याचे पैसे माग.

हे मागताना संकोच वाटू देऊ नकोस. २००० साली अमेरिकेतल्या कलाकारांनी जाहिरातींच्या कामावर सहा महिने संप केला होता. जाहिरात जितक्या वेळा दाखवली जाईल तितक्या वेळा मोबदला, ही पद्धत मोडून एकरकमी पैसे देण्याचा घाट जाहिरातदारांनी घातला होता, त्यावरून तो पेटला. आज करारांत एका कलमाची भर पडली आहे: तुझा चेहरा किंवा आवाज वापरून संगणकावर नवी दृश्यं बनवायची परवानगी. ते कलम दिसलं तर वेगळं काढायला सांग. वेगळं काम, वेगळी संमती, वेगळे पैसे.

आता शूट. तीस सेकंदांच्या जाहिरातीत सेकंदाला पंचवीसच्या हिशेबाने ७५० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. तुझा घास खाण्याचा शॉट दोन सेकंदांचा धरला, तर तुझ्या वाट्याला पन्नास. त्या पन्नासांत बहुतेक नवे लोक घास तोंडात जायच्या आधीच हसतात. चव कळायला माणसाला क्षणभर लागतो, तो क्षण घे. चाव, थांब, मग डोळ्यांत काय येईल ते येऊ दे. गिळू मात्र नकोस. कॅमेऱ्याबाहेर एक डबा ठेवायला सांग आणि ‘कट’ ऐकलं की त्यात थुंक. यात लाजण्यासारखं काही नाही, सेटवर सगळ्यांना ते ठाऊक असतं. वीस घास पोटात गेले की एकविसाव्याला भूक उरत नाही, आणि डोळे ते लपवत नाहीत.

बाटली धरायची असेल तर बोटं लेबलाच्या मागे, लेबल कॅमेऱ्याकडे आणि किंचित खाली झुकवलेलं, नाहीतर दिव्याची चकाकी अक्षरांवर येते. ज्या शब्दावर, ज्या हाताने, जितक्या उंचीवर पहिल्यांदा उचललीस, दर टेकला तसंच, नाहीतर एडिटिंगला दोन टेक जुळत नाहीत. घरी आरशासमोर पाण्याची बाटली घेऊन पन्नास वेळा कर. हाताला सवय लागली की मन चेहऱ्यासाठी मोकळं राहतं.

मॉनिटरमागे एजन्सीची आणि क्लायंटची माणसं बसलेली असतील. त्यांच्यापैकी कोणी येऊन सूचना दिली तर नम्रपणे दिग्दर्शकाकडे बघ. एका वेळी एकाचंच ऐकायचं.

पुढची ऑडिशन हुकली तर त्याचा फार विचार करू नकोस. पुष्कळदा जाहिरातीत ‘आई’ झालेल्या नटीशी चेहरा जुळला नाही, एवढंच कारण असतं. पण ऑडिशनसाठी किंवा नाव नोंदवायला कोणी पैसे मागितले, तर त्या दारातून मागे फिर.

करार आला की सगळी पानं मला पाठव, सहीच्या पानासकट. आपण फोनवर ओळ न् ओळ वाचू. तोवर सही करू नकोस.

तुझा,
दादा