प्रतिभावंत माणसं विक्षिप्तच का असतात? माझ्या मुलाची काळजी वाटते.

मुलगा नववीत आहे, दिवसभर आकडेमोड करत बसतो, पाहुणे आले तरी मान वर करत नाही, आणि नातेवाईक त्याला ‘विक्षिप्त’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं ‘नातेवाईक’ वाचलं आणि लिहायला बसलो.

माझे वडील नाशिकला कारकून होते आणि कापरेकरांचे भक्त. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर, ६१७४ वाले. चार आकडी संख्या घ्यायची, आकडे उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, आणि येईल त्याचं पुन्हा तेच. फार तर सात वेळा, की ६१७४ हजर. बाबांनी बसचं तिकीट, रेशनची पावती, लाइटबिल, काही म्हणून सोडलं नाही.

मामाने गाडी घेतली तेव्हाची गोष्ट. जादा पैसे भरून ७७७७ नंबर मिळवला होता. हार घालून झाला, पेढे वाटून झाले, बाबा आपले नंबरप्लेटसमोर उभे. मामाने कौतुकाने विचारलं, “काय भाऊजी, कसा आहे नंबर?”

बाबा म्हणाले, “वाया गेला रे. चारही आकडे सारखे, पहिल्याच वजाबाकीत शून्य. आमच्या शेजाऱ्यांच्या स्कूटरचा २००५ बघ, पूर्ण सात पायऱ्या घेतो.” आणि पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणावर करूनही दाखवलं: ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. त्यांना मामाला चिडवायचं नव्हतं. त्या नंबराचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

मामा भडकला. “आवरा हा विक्षिप्तपणा, भाऊजी! त्या कापरेकरांना तरी काय मिळालं? जन्मभर मास्तरच राहिले ना?” बाबांनी झाकण दुमडून खिशात घातलं. आई आत निघून गेली.

मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून आता बोलतो. हो, मास्तरच राहिले. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलेला माणूस १९३० ते १९६२ शाळेत शिकवत राहिला. पुढची पदवी नाही, त्यामुळे इथल्या मोठ्या गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. १९७५ साली गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कापरेकर कळले. बाकी हा माणूस रेल्वे स्टेशनच्या नावावरून संख्यांना ‘डेमलो’ म्हणणार, आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हणणार. हर्षद! आनंद देणारी! यात कुणाचं काय बिघडलं?

इंग्लंडचा हेन्री कॅव्हेंडिश बघा. हायड्रोजन वेगळा ओळखणारा, पृथ्वीची घनता मोजणारा. मोलकरणीशी बोलावं लागू नये म्हणून जेवणात काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. पण तो पडला ड्यूकांचा नातू, अफाट पैसेवाला. त्याला ‘आवरा’ कोण म्हणणार? श्रीमंताचा असतो तो छंद, कारकुनाचं ते वेड. तुमच्या ‘का’चं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

आणि गंमत म्हणजे, याच मामाचा मुलगा चित्रकार आहे. जेवणात मीठ कमी पडलं की बायकोच्या अंगावर ताट भिरकावतो. तेव्हा मामा म्हणतो, “कलावंत आहे, चालायचंच.” नाही, हे चालायचं नाही. तो विक्षिप्तपणा नाही, माज आहे.

तुम्ही मुलाला कोऱ्या वह्या आणून द्या आणि पाहुण्यांना चहा. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, शाळा नको म्हणत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तो प्रकार वेगळा, त्यात माझ्यासारख्यांचं ऐकू नका. आणि खरं सांगायचं तर बाबांच्या नादापायी आईनेही सोसलं. रॉकेलच्या रांगेत पावतीवर गणित करत बसले, नंबर गेला, डबा रिकामा घेऊन घरी आले, असं एकदाच झालेलं नाही.

मामा, चुकून हे वाचत असशील तर तुझ्या आत्ताच्या गाडीला पाच पायऱ्या लागतात. परवा लग्नाच्या हॉलबाहेर उभी होती तेव्हा मोजल्या.