उजव्या हाताचा उतावळेपणा

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या गोल्फचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, छान चाललाय, त्यात मी हात घालत नाही. चार फुटांचे पट, म्हणजे बॉल होलकडे घरंगळवायचे हलके फटके, हुकतात त्याचं खापर तू ग्रीनच्या, होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीच्या, उतारावर फोडतेस, मला मात्र दोष तुझ्या उजव्या हातात दिसतो. बॉलपाशी उभी राहतेस तेव्हा पकड सैल असते. पटर, म्हणजे पट करायची काठी, मागे जातो आणि पुढे येता येता उजव्या अंगठ्याचं नख पांढरं पडतं. तेवढ्यात पटरचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, डावीकडे वळलेला असतो.

जरा हिशेब कर. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम सव्वादोन इंचही नाहीत. १० फुटांवरून फेस १ अंश फिरला तर बॉल दोन इंचांच्या वर सरकतो, म्हणजे थेट कडेवर! बॉल कुठे निघणार हे पटिंगमध्ये मुख्यतः फेस ठरवतो. स्ट्रोक सरळ की किंचित वळणाचा, यावर क्लबात तासन् तास वाद घालतात, घालू देत.

लांब फटक्याच्या फुल स्विंगमधलं सगळंच ग्रीनवर आणायचं नसतं. तिथे काठी बोटांत धरतो, कारण मनगट वळायला हवं, वेग तिथूनच येतो. इथे मनगट गप्प बसायला हवं. म्हणून पटरची मूठ तळहातात, आयुष्यरेषेवरून जाऊ दे आणि दोन्ही अंगठे पुढच्या सपाट बाजूवर ठेव. गोल नसलेली मूठ नियमांनी फक्त पटरलाच चालवून घेतली आहे, तिचा फायदा घे. स्ट्रोक खांद्यांनी कर.

आणायचं ते एवढंच, की पकडीचा जोर शेवटपर्यंत बदलू द्यायचा नाही. दहापैकी चार ठेव नाहीतर सहा, घट्ट धरून उत्तम पट करणारेही आहेत. पण चारने सुरुवात करून आठवर संपवलंस की फेसचा भरवसा गेला.

पावसाळ्यात हे जास्त सांभाळ. ग्रीन संथ होतात, बॉल पोचणार नाही या धास्तीने हात आवळतो आणि पटरने फटका बसतो. अंतर हवं तर पटर आणखी मागे ने, लय तीच ठेव. घामाने मूठ निसटते म्हणूनही माणूस आवळतो. तेव्हा टॉवेलने हात पूस आणि घरी मूठ साबणाच्या पाण्याने धू. (तुझ्या पटरची मूठ किती महिन्यांत धुतली नाहीस, ते व्हिडिओतही कळतं.)

सराव असा कर. होलपासून तीन फुटांवर दोन टी, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंट्या, रोव, मधून पटरचं डोकं थोडक्यात जाईल एवढीच फट ठेव. आधी फक्त डाव्या हाताने थोडे पट कर, मग दोन्ही हातांनी. बॉल होलमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत बोटं जशीच्या तशी ठेव. अंगठ्याजवळून व्हिडिओ काढ आणि नखाचा रंग बघ.

लांब ड्राइव्हचं तुला फार अप्रूप. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फर अदिती अशोक चौथी आली, कांस्य एका स्ट्रोकने हुकलं. ड्रायव्हरच्या अंतरात ती बहुतेकींच्या मागे होती. तिला तिथवर नेलं पटरने.

नवा पटर इतक्यात घेऊ नकोस. आधी महिनाभर याच पटरने टींमधून सराव कर आणि रविवारी नखाचा व्हिडिओ पाठव.

तुझा,
सर