बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील प्रात्यक्षिकांविषयी

कोल्हापुरात रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र घेऊन तुम्ही बी.एस्सी.ला प्रवेश घेतला असेल, तर व्याख्यानांच्या टिपणांपेक्षा प्रयोगशाळेतील तासांना अधिक जपावे, असे मी सुचवेन. ऑक्झॅलिक आम्लाचे परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणाशी अनुमापन (एक द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्यातील पदार्थाचे प्रमाण मोजणे) करताना मिश्रण सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, कारण थंड द्रावणात ही अभिक्रिया रेंगाळते. सुरुवातीच्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, पण तयार होणारे मँगनीज आयन पुढे स्वतःच उत्प्रेरकाचे काम करतात, म्हणून अंत्यबिंदू (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) आला असे समजून घाईने थांबू नये. परमँगनेटचा रंग गडद असल्याने ब्युरेटचे (थेंब सोडणाऱ्या मापननळीचे) वाचन द्रवाच्या वरच्या कडेवर घ्यावे. (पहिल्या सत्रात मी खालचीच कड शोधत बसलो होतो.) कांद्याच्या मुळांत समसूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणे) पाहायचे असेल, तर टोकाचे एक-दोन मिलिमीटरच घ्यावेत, त्यापलीकडच्या पेशी बहुधा विभागत नाहीत आणि दोष मात्र सूक्ष्मदर्शकाला दिला जातो. रंकाळा तलावाच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून पाहिलात, तर शैवालांचा धडा बराच सोपा होईल. प्रयोगवही त्याच आठवड्यात पूर्ण करून तपासून घ्यावी, कारण सत्राअखेर सह्यांसाठी प्रयोगशाळेबाहेर लागणारी रांग फार लांब असते.