खारपाणपट्ट्यातला आरओ प्लांट: करारात काय लिहून घ्यावे?

प्रश्न: आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात (जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात) आहे. एक कंपनी तासाला १००० लिटरचा आरओ प्लांट (पाण्यातले क्षार काढणारे यंत्र) स्वखर्चाने बसवायला तयार आहे. जागा, बोअर आणि वीज ग्रामपंचायतीने द्यायची, २० लिटरची कॅन ५ रुपयांना, करार १५ वर्षांचा. सही करावी का?
— ग्रामपंचायत सदस्य

उत्तर: या मसुद्यावर करू नका.

आधी हिशेब मांडा. १००० कुटुंबे आणि घरटी रोज एक कॅन धरली तर २०,००० लिटर लागतात. म्हणजे यंत्र रोज २० तास चालायला हवे. वीज १२ तासच टिकली तर ६०० कॅन भरतील आणि ४०० घरे रिकाम्या हाताने परततील.

बोअरवरचा भार तर याच्या दुप्पट. आरओ साधारण निम्मे पाणी बाहेर टाकतो, म्हणून १२,००० लिटरसाठी २४,००० लिटर उपसा करावा लागतो. मूळ पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरला २००० मिलिग्रॅम असेल तर टाकाऊ पाण्याचा जवळपास ४००० होतो. हे पाणी नालीतून शेतात उतरले तर पूर्णा नदीकाठची काळी जमीन आणखी चोपण (क्षारांनी घट्ट, नापीक) होईल, आणि त्याची भरपाई कोणतीच कंपनी देत नाही. म्हणून ते कुठे सोडणार, हे करारात नकाशासह लिहून घ्या. सार्वजनिक शौचालयाच्या पाण्याच्या टाकीत घेता आले तर उत्तम.

विजेचे कलम बदला. स्वतंत्र मीटर बसवा, बिल कंपनीने भरावे. बिल आपले नसले की फिल्टर तुंबला तरी मोटर तशीच चालवतात.

गुणवत्तेसाठी नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. त्यावर फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू वेगळे कळत नाहीत. भारतीय मानकानुसार टीडीएस ५००, फ्लोराइड १ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवे. दर तीन महिन्यांनी सरकारी प्रयोगशाळेत तपासणी, तीही सदस्यांसमोर घेतलेल्या नमुन्याची, आणि अहवाल प्लांटच्या दारावर. मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) दोन-तीन वर्षांत बदलावे लागते. क्षार जास्त असले आणि अँटीस्केलंट (क्षारांचा थर बसू न देणारे रसायन) टाकले नाही तर त्याआधीच. करारात बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे नसेल तर पुढे प्लांटला कुलूप लागते. ४८ तासांपेक्षा जास्त बंद राहिल्यास दंड, आणि तो वसूल करायला आगाऊ अनामत हवी.

‘कराराच्या काळात गावात दुसरी पाणीयोजना आणणार नाही’ किंवा ‘ठरावीक कॅन खपल्या नाहीत तर फरक ग्रामपंचायत देईल’ अशी कलमे आढळली तर तिथेच थांबा. उद्या नळाला गोडे पाणी आले तर तो गावाचा फायदा आहे, त्याचा भुर्दंड गावाने का भरावा? मुदत ५ वर्षे ठेवा, निविदा काढा, मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवा.

प्रश्न: नागपुरात पाणीवाटप खासगी कंपनीकडे आहे. आमच्या नगरपंचायतीला ते जमेल का?

उत्तर: नागपूर महापालिकेने २०१२ पासून २५ वर्षांसाठी हे काम दिले, पण योजनेच्या मालमत्तेची मालकी आणि पाणीपट्टी ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. एवढे जरूर घ्या. बाकी, तुमच्याकडे घरोघरी मीटर नसतील तर गळती किती कमी झाली हे मोजता येणार नाही आणि कंपनीचे बिल तपासताही येणार नाही. आधी मीटर बसवा.