पदवी आहे, पण यादीत नाव नाही!

प्रश्न : ताई, विधानसभेला मी मत दिलं. मग पदवीधर मतदारसंघाच्या यादीत माझं नाव का नव्हतं?
– एक बी.कॉम., सिडको, नाशिक

उत्तर : अहो, ही यादीच वेगळी; इथे फक्त पदवीधर विधान परिषदेचा आमदार निवडतात. दर निवडणुकीला ती नव्याने होते, जुनं नाव आपोआप येत नाही. नमुना १८ हा नोंदणी अर्ज भरा, पदवीचा पुरावा जोडा. यादी होते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. आपल्या नाशिक पदवीधरमध्ये २०२३ च्या निवडणुकीत तेव्हाचे आमदार सुधीर तांबे यांनी अर्जच भरला नाही, त्यांचे पुत्र सत्यजित तांबे अपक्ष निवडून आले; सदस्यत्व सहा वर्षांचं, तेव्हा पुढच्या निवडणुकीला वेळ आहे.

मतमोजणीला बसलेय म्हणून सांगते, मतं बाद होतात ती शिकल्यासवरल्यांचीच! कुणी टिक करतं, कुणी चक्क सही ठोकतं. केंद्रावरच्याच जांभळ्या पेनाने उमेदवाराच्या नावासमोर ‘१’, म्हणजे पहिली पसंती, लिहा. पुढचे पसंतीक्रम ऐच्छिक.